स्पोर्ट्स कारमधलं लेदर निवडताना काय पाहावं?

स्पोर्ट्स कार हा आपल्या बहुतेक घरांत मुलांच्या मोबाईलवरचा विषय आहे. पण सगळ्याच घरांत तेवढाच राहिलेला नाही. कोकणातली, मुंबईतली आपली मुलं दुबई, दोहा, कुवेतला नोकरी-धंद्यात स्थिरावली आहेत. त्यातला एखादा शौकीन निघतो, नवी नाही तर जुनी पोर्शे किंवा बीएमडब्ल्यू बघायला लागतो आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारतो, "आतून लाल घेऊ की काळी?" इंजिनाबद्दल त्याला सगळं पाठ असतं. लेदरच्या पानावर मात्र गडी अडतो. मग एक तर सगळ्यात महागाचं टाकतो, नाही तर दुकानदार म्हणेल ते.

एकदा गाडी कारखान्यात बनायला गेली की आतलं लेदर बदलता येत नाही. आणि इंजिनाला आपण रोज हात लावत नाही, सीटला रोज टेकतो. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. उदाहरण म्हणून मुख्यतः पोर्शे ९११ घेतली आहे, कारण तिच्या आतल्या सजावटीची यादी भरपूर लांब आहे आणि जुन्या बाजारातही ही गाडी सापडते.

नावांवर जाऊ नका

कंपन्या लेदरला जी नावं देतात ती बऱ्याचदा जनावराची नसतात. बीएमडब्ल्यूचं 'मेरिनो' लेदर घ्या. मेरिनो ही मेंढीची जात, पण हे लेदर गोवंशाच्या कातड्याचं असतं. 'नप्पा' हे नाव कॅलिफोर्नियातल्या नापा गावावरून आलं. तिथल्या सॉयर टॅनिंग कंपनीत १८७५ साली इमॅन्युएल मनासे यांनी मऊ लेदर कमावण्याची पद्धत काढली, ते मेंढीच्या कातड्याचं होतं. आज गाडीच्या यादीत नप्पा म्हटलं की मऊ, गुळगुळीत गायी-बैलाचं लेदर समजायचं. मर्सिडीजचं 'आर्टिको' तर लेदरच नाही, ते कृत्रिम आहे. बीएमडब्ल्यूचं 'सेन्साटेक'ही तसंच. आणि मुंबईत सीट कव्हरच्या दुकानात 'नप्पा लेदर' म्हणून जे दाखवतात ते जवळपास नेहमी रेक्झिनचं नवं रूप, म्हणजे पीयू असतं. वाईट असतं असं नाही, पण लेदरचे पैसे देऊन घ्यायची ती वस्तू नव्हे.

'वीगन लेदर' हा शब्द सध्या फार चालतो. प्राण्याचं नाही एवढाच त्याचा अर्थ. हात लावून बघितलं तर त्यातलं बहुतेक प्लास्टिकच असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ 'अल्कान्तारा'चा. स्पर्श मखमली, दिसायला कातड्याच्या उलट्या बाजूसारखं, म्हणून बरेच जण त्याला चामडं समजतात. काहींना तर ते डुकराचं वाटतं. हा कृत्रिम धाग्याचा कपडा आहे. जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये तो शोधून काढला आणि तो तयार होतो इटलीतल्या नेरा मोंतोरो इथे. साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर, ३२ टक्के पॉलियुरेथेन. नाव मात्र आपल्या ओळखीचं आहे. अरबी 'अल-कन्तरा' म्हणजे पूल, त्यावरून स्पेनमधल्या गावाचं नाव अल्कान्तारा पडलं. पोर्शेचं 'रेस-टेक्स' हेही याच जातीचं, कृत्रिम.

कोणत्या जनावराचं?

आपल्या घरात हा प्रश्न येणारच. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत सीटचं लेदर गायी-बैलाचं असतं. युरोपातल्या कंपन्या बैलाचं कातडं पसंत करतात, कारण ते मोठं असतं आणि गाभण राहून पडणाऱ्या ताणाच्या रेघा त्यावर नसतात. थंड प्रदेशातल्या जनावरांना डासांचे चावे आणि काटेरी तारेचे ओरखडेही कमी.

फिक्हचा मसला थोडक्यात असा. हनफी असोत की शाफई (आपले कोकणी बांधव शाफई आहेत), कातडं कमावलं, म्हणजे दबागत झाली, की ते पाक होतं. जनावर शरई पद्धतीने जबह झालेलं नसलं तरीही. डुकराचं कातडं मात्र दोन्ही मजहबांत दबागतनेही पाक होत नाही. शाफईंकडे कुत्र्याचंही नाही. बारीकसारीक शंका आपल्या आलिमांना विचाराव्यात. व्यवहारात सांगायचं तर कंपनीतून आलेल्या सीटबद्दल काळजीचं कारण फारसं नाही. खातरजमा करायची ती बाहेर शिवून घेतलेल्या सीटची, स्वस्त मखमली अस्तराची, गिअरच्या मुठीवरच्या कव्हराची. डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रं तीन-तीनच्या झुपक्यात दिसतात. भिंग घेऊन पाहिलं की कळतं. फक्त वरचा थर घासून टाकलेल्या किंवा उलट्या बाजूच्या कातड्यावर ही खूण स्पष्ट दिसेलच असं नाही, तिथे दुकानदाराकडून लेखी घ्यावं.

वरचा लेप

लेदर किती टिकेल हे जनावरापेक्षा वरच्या लेपावर ठरतं. नुसता रंग मुरवलेलं, लेप नसलेलं लेदर म्हणजे ॲनिलीन. ते हाताला सुरेख लागतं, रंध्रं दिसतात, आणि पाण्याचा, तेलाचा थेंब लगेच पितं. पातळ लेप दिलेलं ते सेमी-ॲनिलीन. रंगाचा पूर्ण लेप चढवलेलं ते पिगमेंटेड. गाड्यांत जास्त करून तेच वापरतात, कारण ऊन, घाम आणि घासणं त्यालाच सोसतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे हा लेप ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्या वस्तूला नुसतं 'लेदर' म्हणता येत नाही.

बीएमडब्ल्यूचं 'डकोटा' जास्त लेपाचं, कडक, दणकट. 'मेरिनो' मऊ आणि महाग. दुकानात दोन्हींवर हात फिरवला तर कुणीही मेरिनोच उचलेल. पण मागच्या सीटवर लहान मूल आणि त्याच्या हातात ज्यूसचा डबा असणार असेल तर आमचं मत डकोटाला. पोर्शेने टायकानसाठी 'क्लब लेदर ओलिया' आणलं, ते ऑलिव्हच्या पानांच्या अर्काने कमावतात. कल्पना छान आहे. ज्या घरात गाडी सावलीत उभी राहते त्या घराने घ्यावं.

'लेदर इंटिरिअर' म्हणजे नक्की कुठे कुठे?

इथेच सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात. यादीत 'लेदर' लिहिलं म्हणजे डोळ्यांना दिसतं ते सगळं लेदर असं नसतं. सीटचा मधला भाग लेदर, बाजू आणि पाठ कृत्रिम, दरवाजे कृत्रिम, अशी वाटणी सर्रास असते. ९११ च्या सध्याच्या ९९२ पिढीत साध्या कॅरेराला मूळ किमतीत अर्धवट लेदर येतं. डॅशबोर्ड आणि दरवाजेही लेदरचे हवे असतील तर पूर्ण लेदरचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. त्याच्याही पुढे श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या कारखान्यात 'एक्सक्लुझिव्ह मानुफाक्टूर' हा विभाग आहे. तिथले कारागीर एसीच्या जाळीच्या पट्ट्या, उन्हाची झडप, स्टिअरिंगखालचा दांडा, एवढंच काय फ्यूजच्या डब्याचं झाकणसुद्धा लेदरने मढवून देतात. काम अप्रतिम असतं. पण फ्यूजचा डबा उघडून पाहुण्याला कोण दाखवणार?

यादी नावाने नाही, भागाने वाचा. एका कागदावर स्टिअरिंग, सीटचा मध्य, सीटच्या बाजू, हाताची टेकणी, दरवाज्याचा वरचा काठ, डॅशबोर्ड, मागची सीट एवढे भाग लिहा आणि प्रत्येकापुढे काय येणार ते दुकानदाराकडून भरून घ्या. मग पैसे आधी त्या भागांवर घाला जिथे शरीर रोज लागतं. डॅशबोर्ड शेवटी. तो फक्त दिसतो, आणि उन्हात सगळ्यात जास्त त्रासही त्यालाच होतो.

भारतात या गाड्या बनून परदेशातून येतात आणि आयात शुल्क पर्यायांसकट एकूण किमतीवर लागतं. म्हणजे तिथल्या यादीतली शिलाईची किंमत इथे येईपर्यंत फार फुगलेली असते. अमिरातीत कस्टम ५ टक्के आणि २०१८ पासून व्हॅट ५ टक्के, म्हणून तिथल्या मुलाला जे परवडतं ते पुण्यातल्या चुलतभावाला परवडेलच असं नाही. दोघांनी एकमेकांच्या याद्या बघून हट्ट करू नये.

ऊन

आखाती उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. लेदर हे कातडंच आहे, सुकलं की आकसतं. डॅशबोर्डवरचं लेदर काचेजवळ आणि एसीच्या जाळीभोवती आकसून उचललं जातं. काही वर्षं उन्हात राहिलेल्या इटालियन गाड्यांत हे हमखास पाहायला मिळतं. तो दुरुस्त करायचा तर अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो. गाडीला झाकलेली जागा नसेल तर डॅशबोर्ड कृत्रिमच राहू द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

डॅशबोर्डचा वरचा भाग गडदच घ्या. फिका घेतला तर दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता धुरकट दिसतो. ही फॅशनची गोष्ट नाही, गाडी चालवण्याची आहे. दोन रंगांत वर काळा आणि खाली फिका अशी जोडी मिळते, ती बरी.

सीटचं गणित उलटं. काळी सीट तापते, फिकी कमी तापते, पण फिक्या सीटवर नव्या जीन्सची निळी छाया बसते आणि ती निघता निघत नाही. बीएमडब्ल्यूने उघड्या छताच्या गाड्यांसाठी उन्हातली अवरक्त किरणं परतवणारा रंग वापरलेलं लेदर काढलं, त्यात गडद रंगही कमी तापतो. ते नसेल तर मधले रंग बघा. तपकिरी, राखाडी, मातकट. संगणकावर दिसणाऱ्या चित्रावरून रंग ठरवू नका. शोरूममध्ये लेदरचे तुकडे असतात, ते बाहेर उजेडात नेऊन बघायला मागा. भडक लाल, पिवळं हे हौसेचे रंग. विकताना तुमच्यासारखाच हौशी सापडेपर्यंत थांबायची तयारी हवी.

सीट कोणती?

आखातात आणि आपल्याकडेही हवा खेळती ठेवणारी सीट इतर सगळ्या सजावटीपेक्षा कामाची. तिच्या लेदरला बारीक छिद्रं असतात आणि आत छोटे पंखे. त्या छिद्रांत बिस्किटाचा चुरा बसतो, आणि क्रीम लावलं तर तीही भरते. अशा सीटला क्रीम कपड्यावर घेऊन हलक्या हाताने लावावी, थेट ओतू नये.

फुल बकेट सीट दिसायला जबरदस्त, पण पाठ पक्की असते, मागे झुकत नाही. रेसिंग ट्रॅकसाठी ती योग्य. आजी-आजोबांना त्यात बसवायचं आणि बाहेर काढायचं म्हणजे दोघांचीही परीक्षा. हवा खेळवायची सोयही तिच्यात मिळेल असं धरून चालू नका. ९११ च्या मागे दोन छोट्या सीट असल्या तरी तिथे लहान मुलंच मावतात. मुलाची वेगळी सीट बसवणार असाल तर खाली जाड मॅट टाका, नाहीतर तिच्या पायांचे खड्डे लेदरमध्ये कायमचे राहतात.

स्टिअरिंगबद्दल एकच सांगतो. अल्कान्तारा किंवा रेस-टेक्सचं स्टिअरिंग नवं असताना पकड छान देतं. दमट हवेत, घामाच्या हातांनी वर्षभरात ते चपटं आणि तेलकट होतं. मुंबईत आणि आखातात गुळगुळीत लेदरचंच घ्या.

आपल्या घरच्या सवयी

गाड्यांच्या पुस्तिका युरोपातल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात, त्यात या गोष्टी नसतात. अत्तर तेलाचं असतं. हाताला लावून लगेच स्टिअरिंग धरलं की डाग बसतो, लेप नसलेल्या लेदरवर तर कायमचा. केसांच्या तेलाने हेडरेस्ट काळवंडतं. आणि मेहंदी! मेहंदीचा रंग प्रथिनांना धरतो, म्हणूनच तळव्यावर चढतो. चामडंही प्रथिनच आहे. ईदच्या आदल्या रात्री ओल्या मेहंदीच्या मुलींना फिक्या सीटवर बसवायचं असेल तर चादर टाका.

साफ करायला ओला मऊ कपडा आणि लेदरसाठी बनवलेला सौम्य क्लीनर पुरे. बाळाचे वाइप्स, भांड्यांचा साबण, खोबरेल, चमक आणणारे सिलिकॉनचे फवारे यांतलं काही नको. चांगलं लेदर मंद दिसतं. चकाकायला लागलं की ते नवं झालेलं नसतं, मळलेलं असतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद ठेवलेल्या गाडीत लेदरवर बुरशी धरते. आठवड्यातून एकदा गाडी काढून एसी चालवा, आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, ओल्या छत्र्या आणि चपला आत नकोत.

जुनी गाडी घेताना

प्रथम चालकाच्या सीटचा बाहेरचा फुगीर काठ बघा. भारतातल्या गाडीत तो उजवीकडे, आखातातल्या गाडीत डावीकडे. चढता-उतरताना तोच घासतो. मीटर कमी दाखवतं आणि काठ फाटायला आलाय, तर मीटरवर शंका घ्या. सुरकुत्या चालतात, तडे नाही. पोर्शेच्या ९९६ आणि ९९७ पिढीच्या गाड्यांत पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पर्यायांच्या कोडांचा कागद चिकटवलेला असतो. त्यावरून मूळ आतला रंग आणि पॅकेज काय होतं ते कळतं आणि नंतर काय बदललं तेही.

अमिरातीत 'जीसीसी स्पेक' आणि 'अमेरिकन स्पेक' असा फरक विचारतात. अमेरिकेतून आलेल्या गाड्यांत अपघाताच्या, पाण्यात बुडालेल्या गाड्याही असतात. शिवाय १६ एप्रिल २०२४ च्या पावसात खुद्द दुबई-शारजात कितीतरी गाड्या बुडाल्या. नवंकोरं लेदर घातलेली स्वस्त गाडी दिसली तर आनंदाआधी सीटखाली हात घाला. सीटच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली कोंदट वास, पट्टा पूर्ण ओढल्यावर त्यावर चिखलाची रेघ. यातलं काही सापडलं तर लेदर कितीही छान असो, निघून या.

आता सर्वात महत्त्वाचं. सीट फाटली म्हणून वरून कव्हर चढवायचं किंवा ओळखीच्या सीटवाल्याकडून नवं लेदर शिवून घ्यायचं, ही आपल्याकडची सरळ सवय. साध्या जुन्या गाडीत ते खपून जायचं. आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये सीटच्या बाजूतच एअरबॅग असते. अपघाताच्या क्षणी ती सीटची ठराविक शिलाई फाडून बाहेर येते, म्हणून त्या जागी मुद्दाम ठराविक ताकदीचा धागा आणि टाका वापरलेला असतो. त्यावर जाड कव्हर घातलं किंवा कारागिराने 'मजबूत' म्हणून दुहेरी नायलॉनची शिलाई मारली, तर एअरबॅग उशिरा उघडेल, वाकडी उघडेल किंवा अडकून बसेल. कारागीर बेइमान नसतो, त्याने चांगलंच काम केलेलं असतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

सीटच्या बाजूला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी असेल तर पूर्ण कव्हर घालू नका. लेदर बदलायचंच असेल तर काम करणाऱ्याला विचारा, एअरबॅगच्या शिलाईला कोणता धागा वापरता? तो लगेच सांगू शकला नाही तर गाडी तिथे ठेवू नका. फक्त मधला भाग बदलून बाजूची मूळ शिलाई तशीच राखणं पुष्कळदा शक्य असतं, खर्चही कमी येतो. सीट काढायची असेल तर आधी बॅटरी सोडवून कंपनीने सांगितलेला वेळ थांबावं लागतं. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना घरी हात लावू नये.